लघुप्रबंधासाठी चलांचे प्रकार शिकायचेत: पुस्तक, क्लास की सॉफ्टवेअर? (बजेट ५०० रु.)

प्राजक्ता_झेडपी:
नमस्कार. जिल्हा परिषद शाळेत शिकवते, सोबत एम.ए. शिक्षणशास्त्र चालू आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांची माहिती गोळा करतेय. रकाने असे: शाळेचा यू-डायस क्रमांक, मुलगा/मुलगी, भावंडं किती, घर ते शाळा अंतर (१ किमीच्या आत/बाहेर), वाचनाची पातळी ('असर' या शैक्षणिक सर्वेक्षणासारखी: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) आणि 'मला वाचायला आवडतं' यावर पाच पर्याय. गाइड सरांनी प्रत्येक रकान्यापुढे चलाचा (म्हणजे मुलागणिक बदलणाऱ्या नोंदीचा) प्रकार लिहून आणायला सांगितलंय. संख्यात्मक-गुणात्मक कळतं, पुढे नॉमिनल-ऑर्डिनलपाशी गाडी अडते. मराठीतून काही आहे का? लॅपटॉप जुना, गावात नेट बेभरवशाचं.

रानवारा:
ऑनलाइन क्लास लावा. मी साडेचार हजार भरले, एक पैसा वाया गेला नाही. शंका लगेच विचारता येतात, एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअरसुद्धा तिथेच शिकले.

खडीसाखर:
क्लास नको ताई. आमच्या क्लासने चलांचे प्रकार एका स्लाइडमध्ये उरकले आणि थेट सूत्रांवर उडी मारली. एनसीईआरटीचं अकरावीचं 'अर्थशास्त्रासाठी सांख्यिकी' त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, हिंदीतही. खंडित आणि अखंडित चल तिथे पक्के होतात. भावंडं दोन असतील किंवा तीन, अडीच नाहीत. उंची मात्र १३१.४ सेंमीही असू शकते.

त्रिज्या:
पुस्तक चांगलं आहे, पण ताईंची अडचण आहे ती मापनाच्या चार पातळ्यांची (नॉमिनल, ऑर्डिनल वगैरे). ती विभागणी स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली 'सायन्स'मध्ये मांडली. रकाना समोर ठेवून ओळीने विचारा: नुसता वेगळेपणा आहे? नॉमिनल. क्रम लागतो? ऑर्डिनल. दोन पायऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं? इंटरव्हल. शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही? रेशो.
यू-डायस ११ अंकी, सुरुवातीचे दोन अंक (२७) महाराष्ट्राचे. दिसायला संख्या, पण तिची सरासरी काढून हाती काय लागणार? नॉमिनल. वाचनपातळी ऑर्डिनल, कारण अक्षरावरून शब्दावर जाणं आणि परिच्छेदावरून गोष्टीवर जाणं यांत सारखीच मेहनत आहे असं कुणी म्हणू शकत नाही. भावंडं रेशो.

डोंगरयात्री:
त्रिज्या +१. इंटरव्हलचं उदाहरण म्हणजे तापमान. १० अंश सेल्सिअसचे २० झाले म्हणजे दुप्पट गरम नव्हे. तेच फॅरनहाइटमध्ये ५० आणि ६८.

रानवारा:
केल्विन या तापमानाच्या मोजपट्टीत मात्र गुणोत्तर चालतं. आमच्या सरांनी यावर पूर्ण तास घेतला होता.

डोंगरयात्री:
केल्विनमध्ये चालतं कारण तिथलं शून्य खरं आहे. मुद्दा तोच.

वजनकाटा:
ताईंच्या रकान्यांत तापमान कुठेच नाही! सॉफ्टवेअर हवं तर जामोवी घ्या. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, आणि प्रत्येक चलाला नॉमिनल, ऑर्डिनल की कंटिन्युअस ते तपासून स्वतः ठरवता येतं, त्यातच शिकणं होतं. दुसरं, अंतर आत/बाहेर असं नोंदवू नका, आकडा लिहा. आकड्यांचे गट नंतर कधीही पाडता येतात, गटांवरून आकडे परत मिळत नाहीत.

खडीसाखर:
पाच पर्यायांवर कुणी बोललंच नाही. तेही ऑर्डिनल, तिथे सरासरी घेऊ नका, मध्यक (उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) घ्या.

रानवारा:
माझ्या प्रबंधात सरासरीच आहे. परीक्षकांनी हूं की चूं केलं नाही.

त्रिज्या:
तुमच्याकडे बरीच विधानं असतील आणि त्यांची बेरीज घेतली असेल. लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये अशा पर्यायांची मोजपट्टी मांडली ती तशीच, अनेक विधानांची मिळून. अशा बेरजेची सरासरी बरेच जण मान्य करतात. ताईंचं विधान एकच आहे, तिथे खडीसाखर म्हणतात ते बरोबर.

प्राजक्ता_झेडपी:
सगळ्यांचे मनापासून आभार, त्रिज्यांचे चार प्रश्न वहीत उतरवले. क्लास, पीडीएफ, जामोवी यातलं काही घेत नाही. शनिवारी पुण्याला जातेय, अप्पा बळवंत चौकात जुनं मराठी पुस्तक बघेन. दिवसभर शाळा करून रात्री स्क्रीनवर वाचणं जमत नाही. पाच पर्यायांना मध्यकच घेईन. अंतर मात्र आत/बाहेरच ठेवतेय. शिक्षणहक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किमीच धरलाय आणि माझा प्रश्नच त्या मर्यादेचा आहे.

वजनकाटा:
तरीही आकडा लिहाच. फोनच्या नकाशावर मिनिटात मिळतो.

प्राजक्ता_झेडपी:
नकाशा डांबरी रस्त्याने मोजतो. आमची निम्मी मुलं ओढ्याकडच्या पायवाटेने येतात, ती नकाशात नाही. कुठलं घर मर्यादेच्या आत आणि कुठलं बाहेर, हे मी आणि पालक खात्रीने सांगू शकतो, मीटर नाही.

खडीसाखर:
पुस्तक घेण्याआधी अनुक्रमणिकेत मापनश्रेणींचं (त्याच नॉमिनल ते रेशो पातळ्यांचं) प्रकरण आहे ना, ते तिथेच उभ्याने बघून घ्या.