तिसरीतल्या मुलीला सगळं आधीच येतं, पुढे काय देऊ?

खाडीकाठची_बाई
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मी शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे, मिळून अकरा मुलं. तिसरीत एक मुलगी आहे, वडील होडीवर जातात. गणिताचं पुस्तक तिनं दिवाळीआधीच संपवलं. भागाकार शिकवत होते तर म्हणाली, "बाई, बाकी भाजकाहून मोठी येऊच शकत नाही. आली तर अजून एकेक वाटा पडेल ना!" हे मी वर्गात सांगितलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यापासून मात्र ती मुद्दाम हळू लिहिते, सोप्या बेरजा चुकवते. जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं. लवकर आटपलं की मी तिला पहिलीच्या पोरांच्या पाट्या बघायला बसवायचे. तिला ते नको होतं. फार वाईट वाटलं मला.

चौथीचं पुस्तक देऊ? थेट चौथीत बसवू? इथे क्लास नाहीत, नेटही धड नाही. असं मूल कुणी शिकवलं असेल तर सांगा.

वाशिष्ठीकाठ
शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी आत्तापासून घ्या. नवोदयची परीक्षा पाचवीत, प्रवेश सहावीत. राहणं-जेवण-शिक्षण मोफत आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. अशा घराला मोठा आधार होतो.

देवगडचे_गुरुजी
नवोदय जरूर, पण त्याची वेळ आली की. आत्ता सराव-प्रश्नपत्रिका दिल्यात तर येतं तेच पुन्हा पुन्हा करावं लागेल, आणि तिला नेमका त्याचाच कंटाळा आलाय. चौथीचं पुस्तकही दोन महिन्यांत संपेल, मग पाचवीचं मागेल. मी एका मुलाला असंच पळवत नेलं होतं. सहावीत पोचेपर्यंत गणित म्हणजे उरकायची गोष्ट, असं त्याच्या डोक्यात बसलं. मला त्याची रुखरुख अजून आहे.

बाई, जिचं उत्तर पुस्तकामागे छापलेलं नाही अशी गोष्ट तिला द्या. तुमच्या दारात समुद्र आहे. भरतीची वेळ काढायची आपली जुनी रीत तिच्या वडिलांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, अष्टमीला सहा, त्या सुमारास पूर्ण भरती. ही रीत सांगा आणि एवढंच विचारा, "बघ बरं, खरी आहे का?" वहीत तिथी, रीतीनं आलेली वेळ आणि धक्क्यावर प्रत्यक्ष पाहिलेली वेळ, असे तीन रकाने. महिनाभर. पाऊणपट करताना अपूर्णांक येतो, घड्याळ येतं, तक्ता येतो. शिवाय बाईंनाही उत्तर माहीत नाही, हे तिला कळतं. आमच्याकडे पोरं या एका गोष्टीनं उजळतात. पाण्याकडे एकटीनं जायचं नाही, हे मात्र आधी ठरवून घ्या.

पुण्यातली_शिक्षिका
गुरुजींचं पटलं. वर्गात यासाठी वेळ कसा काढायचा, ते सांगते. जोसेफ रेंझुली या अमेरिकन अभ्यासकाची पद्धत आहे, मी माझ्या वर्गात वापरते. धडा सुरू करण्याआधीच त्यातली अवघडात अवघड चार-पाच गणितं तिला द्या. सुटली तर तो धडा तिला माफ, वाचलेला वेळ भरतीच्या वहीचा. अडली तर तेवढ्यापुरतं सगळ्यांबरोबर बसायचं. वर्गातल्या अभ्यासाच्या ऐवजी हे करायचं, तो करून वर नाही. हुशार म्हणून दुप्पट काम लागलं, तर मूल हुशारी लपवायला शिकतं. तुमच्याकडे तेच झालंय.

रेंझुलींनी १९७८ साली मांडलं की प्रतिभेत तीन गोष्टी एकत्र येतात: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं. ही चिकाटी सोप्या गणितांवर तयार होत नाही. म्हणून "किती हुशार गं!" म्हणणंही टाळा. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत ज्या मुलांच्या बुद्धीचं कौतुक झालं, ती पुढे अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. "तीन वेळा खोडून पुन्हा मांडलंस, ते आवडलं," असं काहीतरी म्हणा.

चौथीत बसवायची मला तरी घाई वाटत नाही. डोकं अकरा वर्षांचं असलं तरी रुसताना ती आठचीच असते, आणि तिच्या मैत्रिणी तिसरीत आहेत. आमच्या पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणावर काम करते आहे. एकदा पत्र टाकून बघा.

रत्नागिरीची_आई
सहल काढाल तेव्हा झाडगावचं मत्स्यालय दाखवा. राजापूर तालुक्यात देवाचे गोठण्याला कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. माझा मुलगा त्यावर आठवडाभर बोलत होता. वाचायला बालभारतीचा 'किशोर': जुने अंक नेटवर फुकट आहेत, तालुक्याला गेलात की उतरवून आणा.

खाडीकाठची_बाई
मंडळी, बारा दिवस झाले. आधी तिची माफी मागितली. पाट्या बघायचं काम आता चौथीची मुलं पाळीपाळीनं करतात, तिचीही पाळी आठवड्यातून एकदाच.

वही सुरू झाली. वडील धक्क्यावर रंगाच्या खुणा केलेला बांबू रोवून आलेत. पण तिनं समुद्राकडे जायच्या आधीच भिंतीवरचं कॅलेंडर बघून रीतीतली चूक पकडली! पंधरा तिथीची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता. "रोज पाऊण तास पुढे जाते, मग या एका दिवसात दीड तास कशी गेली?" वडील म्हणाले, थोडं मागंपुढं व्हायचंच. तिचं समाधान झालेलं नाही. गुरुजी, मलाही सांगता आलं नाही.

देवगडचे_गुरुजी
वा! तिला सांगू नका हं. पुढच्या पंधरवड्यात त्याच तिथीला घड्याळात तीच वेळ यायला हवी, म्हणजे पंधरा तिथींत वेळ पूर्ण बारा तास सरकायला हवी, ७२० मिनिटं. भागाकार तिला येतोच. बाकीबद्दल बोलणारी मुलगी आहे, सुचेल तिला.

खाडीकाठची_बाई
शुक्रवारी सुचलं! वहीत ४८ लिहून आणलंन आणि त्याखाली: पाऊणपट म्हणजे ४५, रोज ३ मिनिटं कमी, पंधरा दिवसांत ४५ मिनिटं मागे. मधल्या सुट्टीत डबा न खाता मांडलंन. आता विचारते आहे, ही रीत ज्यांनी काढली त्यांना हे माहीत होतं का, की तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी म्हणून ठेवली? आणि सगळ्या गावांत भरती एकाच वेळी येते का? गुरुजी, येत्या अष्टमीला देवगडच्या धक्क्यावर पूर्ण भरती किती वाजता आली, ते पाहून तिला शाळेच्या पत्त्यावर कार्ड पाठवाल? पत्ता निरोपात देते.