'तारीख जवळ आली का?' : पाळीच्या आधीच्या दिवसांचे अनुभव

पाळीबद्दल हल्ली बरंच बोललं जातं, पण पाळीच्या आधीच्या दिवसांवर अजून विनोदच जास्त होतात. विनोद करणाऱ्याला पीएमएस (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, पाळीआधीचा त्रास) म्हणजे नेमकं काय ते विचारा, 'बायकांचे मूड स्विंग्ज'च्या पुढे गाडी जात नाही.

म्हणून आधी थोडक्यात. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतच्या साधारण दोन आठवड्यांत हा त्रास डोकं वर काढतो आणि पाळी सुरू झाली की काही दिवसांत ओसरतो. चिडचिड, रडू येणं, स्तन दुखणं, पोट फुगणं, झोप बिघडणं, सारखं खावंसं वाटणं. यात हार्मोन्स 'वाढलेले' नसतात बरं का! त्यांचे चढउतार नेहमीचेच असतात, काहींचा मेंदू त्यांना जास्त तीव्र प्रतिसाद देतो. रॉबर्ट फ्रँक या अमेरिकी डॉक्टरांनी १९३१ साली यावर लिहिलं होतं, तेव्हा 'आजकालच्या मुलींची फॅडं' हा मुद्दा कृपया नको.

त्रास होतो त्यांनी लिहा, होत नाही त्यांनीही लिहा. पुरुषांनी तर लिहाच. घरगुती उपायांची यादी नको, अनुभव हवेत.

*

माझी चिडचिड होते, नाकारत नाही. पण मी ज्यावरून चिडते ते महिनाभर तिथेच असतं. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा मी सांभाळायच्या, मुलांचा अभ्यास मी घ्यायचा आणि घरी पाहुणे येणार हे सगळ्यांत शेवटी मला कळायचं. एरवी गिळून टाकते, त्या आठवड्यात गिळता येत नाही. मग नवरा अगदी मायेने विचारतो, "तारीख जवळ आली का गं?" की संपला विषय. मी काय म्हणत होते ते राहिलं बाजूलाच.

आता त्या दिवसांत जे खटकेल ते लिहून ठेवते आणि पाळी झाल्यावर वाचते. काही वाचून माझं मलाच हसू येतं. पाहुण्यांचा मुद्दा मात्र पाळीनंतरही तसाच उरला. तो मी शांतपणे काढला तेव्हा नवऱ्याला तारीख विचारायची सोय नव्हती.

*

मला जवळजवळ काहीच त्रास नाही. तरी मीटिंगमध्ये आवाज चढला की मागे कुजबुज तीच. त्यामुळे इथे कुणाला पटणार नाही, पण ऑफिसात या विषयावर मोकळेपणाने बोलावं हे मला मान्य नाही. आज सहानुभूती दाखवतील, बढतीच्या वेळी तेच आठवतील.

*

माझं चिडचिडीवर थांबत नव्हतं. पाळीच्या आधी जगणंच नको वाटायचं आणि पाळी आली की मी पुन्हा हसती-खेळती. मग कोण विश्वास ठेवणार? एका डॉक्टरांनी 'लग्न झालं की होईल ठीक' म्हणून बोळवण केली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद आणायला सांगितली. नोंद त्या त्या दिवशीच करायची, कारण मागाहून आठवायला बसलं की आपण महिन्याची सगळी दुखणी पाळीच्या खात्यावर मांडतो. नोंदीत चित्र स्वच्छ दिसलं: पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर), म्हणजे पाळीआधीच्या त्रासाचा फार तीव्र प्रकार. पीएमएसपेक्षा हे खूप कमी जणींना होतं. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात ते स्वतंत्र निदान आहे.

मला सेरोटोनिनवर काम करणारी गोळी दिली. नैराश्यात हिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, यात बऱ्याचदा काही दिवसांतच दिसतो. त्यामुळे काहींना ती फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यात देतात. मनाने सुरू करू नका. आणि जीव नकोसा वाटत असेल तर 'पाळी आली की जाईल' म्हणत बसू नका. आजच कुणाला तरी सांगा, डॉक्टर गाठा.

*

पुरुषांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. बायकोच्या तारखा मी फोनमध्ये टाकल्या होत्या, हेतू चांगला होता. तिने बघितलं आणि भडकली, "पाळत ठेवतोस का माझ्यावर?" पुढे एका बऱ्या दिवशी विचारलं, त्या वेळी मी नक्की काय करू? म्हणाली, "काही करू नकोस. फक्त समजावू नकोस." ऐकायला सोपं आहे. करून बघा.

*

वरच्या दादांना 'वहिनी नशीबवान' असं लिहिणार होते, पण एवढ्याने नशीब काढायला नको.

मी सत्तेचाळीसची. तरुणपणी त्रास बेताचा होता, चाळिशीनंतर वाढला. डॉक्टर म्हणाल्या, पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत असं होऊ शकतं. आता पाळीच अनियमित, त्यामुळे चिडचिड कशामुळे हे आधी कळतही नाही. घरात 'आता या वयात कसलं पीएमएस?' आणि लेकीला 'एवढ्या लहान वयात कसलं?' नेमकं कुठलं वय चालतं ते एकदा कुणी ठरवून द्या.

एक विचारायचं होतं. माझी जुनी अर्धशिशी पाळीच्या तोंडावर हटकून उसळते. अर्धशिशी, दमा असे आधीचे आजार त्या दिवसांत बळावतात हे डॉक्टरांनीही सांगितलं. इथे आणखी कुणाला हा अनुभव आहे का? नोंद कशी ठेवता, दोन्हींची एकत्र की वेगळी?