रक्त बिघडलेलं नसतं हो!
सोरायसिस या कातडीच्या आजारावर इथे कुणीतरी ‘रक्त अशुद्ध झालंय, रक्तशुद्धीचा काढा घ्या’ असं लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. सोरायसिसमध्ये रक्त नाही, रोगप्रतिकारशक्ती बिथरते. एरवी महिनाभरात बदलणारी कातडी मग 3-5 दिवसांतच वर येऊन साचते. संसर्गजन्य मात्र अजिबात नाही.

माझ्या डोक्यात आणि कोपरांवर आहे. काळा शर्ट घातला की खांद्यावर पिठी सांडल्यासारखी. मेडिकलमधून परस्पर स्टिरॉइडची ट्यूब आणून लावली, एकदम बंद केली, तर दुप्पट उसळलं. आता मेथोट्रेक्सेट (बिथरलेली रोगप्रतिकारशक्ती आवरणारं औषध) चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. (बायकोने कॅलेंडरवर सगळ्या गुरुवारांना गोल केलेत.) लिव्हरची तपासणीही टाळायची नाही.

आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, सकाळी बोटं आखडणं असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सांध्यांतही उतरतो हा आजार.