भिंतीवरची चित्रं, फोटो, जाहिराती: सकस काम कुठे बघता? (रोज अर्धा तास, खर्च शून्य)

निळीशाई
नमस्कार मंडळी. मी एका छोट्या त्रैमासिकाची मांडणी करते, मुखपृष्ठासकट. गेले चार अंक एकमेकांची झेरॉक्स वाटताहेत. तोच डावीकडे ओढलेला मथळा, तोच बाजूचा रंगीत पट्टा. नवं काही बघावं म्हणून फोन उघडते, तर एका भित्तिचित्रावर जरा थांबलं की पुढचे आठ दिवस तसल्याच भिंती समोर येत राहतात.
रस्त्यावरची चित्रं, फोटोग्राफी, डिझाईन, कल्पक जाहिराती यांतलं चांगलं काम तुम्ही कसं शोधता? दिवसाकाठी अर्धा तास मिळतो. पैसे खर्च करायचे नाहीत.

दिवाभीत
लुर्झर्स आर्काइव्ह या जाहिरातींच्या नियतकालिकाची वर्गणी भरा आणि निर्धास्त व्हा. १९८४ पासून निघतंय. जगभरच्या जाहिराती निवडून छापतात आणि प्रत्येकीखाली मजकूर कुणाचा, मांडणी कुणाची, फोटो कुणाचा, सगळी नावं देतात. माझ्याकडे सलग अकरा वर्षांचे अंक आहेत, एकही कुणाला वाचायला दिलेला नाही. मात्र नुसतं बघा, उतरवू नका. नकलेने हात बिघडतो.

निळीशाई
दिवाभीत, धन्यवाद, पण खर्च शून्य म्हटलंय हो.

दिवाभीत
चांगल्या गोष्टीला पैसे पडतातच.

फोकसवाला
दुसऱ्यांचं बघत बसून कुणाची नजर तयार झाली आहे का? ३५ मिमीची एक लेन्स घ्या आणि बाहेर पडा. मी दोन वर्षं दुसरी लेन्स लावली नाही. झूम नाही म्हटल्यावर पाय हलवावे लागतात आणि चौकट आपोआप डोक्यात बसते.

टिंब
इन्स्टाग्राम. मी जवळजवळ चारशे खाती फॉलो करतो, सगळी चित्रकार-डिझायनरांची. सकाळी चहा होईस्तोवर जगात काय चाललंय ते कळतं.

पांथस्थ
भिंतींबद्दल मी बोलतो, वीस वर्षं हेच बघतोय. टिंब, चारशे खात्यांत भिंत दिसते, तिच्यावर काय गुदरलं ते दिसत नाही. ब्लू नावाच्या इटालियन चित्रकाराचं उदाहरण घ्या. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमधली त्याची दोन अवाढव्य चित्रं २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने काळ्या रंगाने पुसली गेली. २०१६ मध्ये बोलोन्यात भिंतींवरची चित्रं सोलून प्रदर्शनात मांडायचं ठरलं, तेव्हा त्याने सोबत्यांना घेऊन त्या शहरातलं आपलं सगळं काम करड्या रंगाखाली गाडलं. हे कळल्यावर त्याची चित्रं मला वेगळी दिसायला लागली.
निळीशाईताई, त्याची २००८ ची 'म्युटो' ही फिल्म फुकट बघायला मिळते. भिंतीवर एक चित्र काढायचं, त्याचा फोटो घ्यायचा, ते पुसून पुढचं काढायचं, असं करत आख्खी भिंत चालायला लागते. मागच्या चित्राचा डाग पुढच्याखाली शिल्लक राहतो. मी प्रत्येक वेळी तो डागच बघतो.

चुनखडी
पांथस्थ, छान लिहिलंत. पण स्ट्रीट आर्ट आणि ग्राफिटी एकाच टोपलीत टाकू नका. ग्राफिटी म्हणजे आधी नाव, अक्षर. ती लिहिणारे एकमेकांसाठी लिहितात, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी नाही.

पांथस्थ
मग कीथ हॅरिंगला कुठे बसवाल? १९८० नंतरची चार-पाच वर्षं तो न्यूयॉर्कच्या भुयारी स्टेशनांत, जाहिरातीची मुदत संपली की फलकावर जो काळा कागद लावत त्यावर, पांढऱ्या खडूने काढायचा. नाव नाही, स्प्रे नाही. आणि बघणारा तर येणारा-जाणाराच.

चुनखडी
तो चित्रकार. मी तेच म्हणतोय.

फोकसवाला
फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँसुद्धा एकाच लेन्सवर होता हे कुणी सांगितलं नाही.

संदूक
तो बहुतांशी ५० मिमीवर होता, ३५ वर नाही.

फोकसवाला
एकाच लेन्सवर होता ना? मुद्दा तोच.

जुनाखिळा
सगळे काय बघावं ते सांगताहेत. मी माझी फजिती सांगतो, कारण तुम्ही मुखपृष्ठं करता. एका संस्थेच्या अंकासाठी मी भित्तिचित्राचा फोटो वापरला. फोटोग्राफरची लेखी परवानगी होती, म्हणून मी निश्चिंत. अंक छापून बांधून तयार, आणि चित्रकाराचं पत्र आलं. भिंतीवरच्या चित्राचा हक्क चित्रकाराकडे, फोटोचा फोटोग्राफरकडे, हे दोन वेगळे. सगळी मुखपृष्ठं फाडून नवी लावली. बाइंडरच्या टेबलापाशी उभं राहून ते फाडताना बघितलंय मी.
काही देशांत सार्वजनिक जागेतल्या कलाकृतींचे फोटो छापायची मुभा असते, पण ती पुष्कळदा इमारती आणि शिल्पांपुरतीच असते. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाची चित्रांनी भरलेली इमारत होती, २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत तिला पांढरा रंग फासला. चित्रकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये २१ जणांना मिळून ६७ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. भिंत दुसऱ्याची असली तरी चित्र बेवारस नसतं.

झुंबर
टिंबशी सहमत. इन्स्टाग्रामच. चारशे नाही, मी सहाशे खाती बघते. आणि पैसे असतील तर वर कुणी सांगितलंय ते मासिकही घ्या.

संदूक
फुकट आणि खोल हवं असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ऑनलाइन संग्रह उघडा. मंदीच्या काळात तिथल्या सरकारने फोटोग्राफर नेमून देश टिपून घेतला. १९३५ ते १९४४ च्या त्या कामाच्या पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह तिथे आहेत, मोठ्या आकारात डाउनलोड करता येतात. डोरोथिया लँगचा १९३६ चा, मुलं बिलगलेल्या आईचा फोटो सगळ्यांना माहीत आहे. तिथे त्याच भेटीतले बाकीचे फोटोही आहेत. लँग हळूहळू जवळ कशी गेली, चौकटीतून काय काय काढत गेली, ते एकामागून एक बघा. शिवाय नापसंत निगेटिव्हना त्या विभागाच्या प्रमुखाने भोक पाडलेलं असायचं. असे भोकवाले फोटोही जपलेत. कशाला नकार मिळाला हे बघून मी जास्त शिकलो.
आणि कुठलंही चित्र आवडलं की टिनआय किंवा तत्सम संकेतस्थळावर ते चित्रच टाकून उलटा शोध घ्या, सर्वात जुनी प्रत गाठा. कुणी केलं, कुठे, कधी, कुणासाठी, या चारांपैकी दोन तरी कळल्याशिवाय मी काही साठवत नाही. फोनवर फिरणाऱ्या कित्येक भिंती कुठेच नाहीत, संगणकावर चिकटवलेल्या आहेत.

दौत
जाहिरातीत पंधरा वर्षं काढली. संदूक म्हणतात ते जाहिरातींनाही तंतोतंत लागू. नुसत्या बक्षिसासाठी केलेल्या, धड कुठे न लागलेल्या जाहिराती भरपूर. तीन शब्द आणि एक चलाख चित्र असलं की मी आधी विचारते, हे विकलं कुणाला? खऱ्या कामात अडचण दिसते: भरमसाट मजकूर, नको असलेला लोगो, घाबरट गिऱ्हाईक. नकलेबद्दल मात्र दिवाभीत यांच्याशी सहमत. डोळ्यांनी घ्या, हाताने नको.

अक्षरवेडा
एवढ्या प्रतिसादांत अक्षरांवर एक ओळ नाही! मराठी त्रैमासिकाची मांडणी आणि देवनागरी टाइपचा विषयच नाही? संगणकावर आपण वर्षानुवर्षं वाचलेला 'मंगल' हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींचा. तो मोठा करून एकेक अक्षर बघा. अर्धा तास 'क्ष'ला सुद्धा पुरणार नाही.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय.
खाती जोडली नाहीत, लेन्स घेतली नाही, आणि तुम्ही दोघांनी नको म्हटलेलंच केलं. आठवड्याला एकच काम निवडायचं आणि रोज अर्धा तास पेन्सिलीने ते उतरवायचं. पहिल्या आठवड्यात फोक्सवॅगनची १९५९ ची 'थिंक स्मॉल' ही जाहिरात घेतली. संदूक यांच्या चार प्रश्नांपैकी सगळ्यांची उत्तरं सापडली: डॉयल डेन बर्नबाख ही जाहिरातसंस्था, न्यूयॉर्क, मांडणी हेल्मुट क्रोन, मजकूर ज्युलियन कोनिग. शंभरदा बघितलेली जाहिरात. तरी पहिल्या दिवशी मी गाडी मधोमध काढली. ती वर डावीकडे आहे, किंचित तिरकी, अंगठ्याएवढी. दोन शब्दांच्या मथळ्यापुढे पूर्णविराम आहे, तो मला तिसऱ्या दिवशी दिसला. खालच्या तीन रकान्यांत परिच्छेदांच्या शेवटच्या ओळी अर्ध्यावरच सुटल्यात. मी त्या सवयीने भरून काढल्या होत्या, पुसाव्या लागल्या.
या आठवड्यात लँगचे फोटो, एकामागून एक. अंकातला बाजूचा पट्टा काढला. तिथे काहीच ठेवलेलं नाही.

दौत
त्या सुटलेल्या ओळी मला कधी दिसल्या नव्हत्या. आत्ता जाऊन बघितल्या.

फोकसवाला
छान. पण ३५ मिमी घ्याच.