एसएसडीवर क्लोन केलं, पण विंडोज सुरूच होत नाही
प्रश्न: डेस्कटॉपची जुनी हार्ड डिस्क नव्या एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान प्रकारची डिस्क) क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. बायोसमध्ये (संगणक चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) नवी दिसते, पण जुनीची केबल काढली की काळी स्क्रीन. फॉरमॅट करायला हात धजत नाही, आईचे फोटो आहेत.

उत्तर: फॉरमॅट अजिबात नको! जुनी डिस्क एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) असणार, म्हणून क्लोनही तसाच. एनव्हीएमईवरून बूट व्हायला बहुतेक मदरबोर्डांना यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) आणि जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) लागतं. जुनी काढूनच ठेव. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघड, नव्या डिस्कवर ‘एमबीआर2जीपीटी’ हे विंडोजचं साधन चालव: आधी व्हॅलिडेट (तपासणी), मग कन्व्हर्ट (रूपांतर). डेटा तसाच राहतो. नंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद कर.

प्रश्नकर्ता: कन्व्हर्ट झालं. आता निळी स्क्रीन, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

दुसरं उत्तर: एनव्हीएमईचा ड्रायव्हर (विंडोजला ती डिस्क वापरू देणारा प्रोग्राम) सुरुवातीला लोड होत नसेल. एकदा सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरतं विंडोज सुरू होतं तो मोड) जा, मग साधं रीस्टार्ट कर. माझं असंच सुटलं होतं.

प्रश्नकर्ता: झालं सुरू! मनापासून आभार.