टायट्रेशनचं उत्तर निम्मंच येतंय: ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड

अकरावी_सायन्स_नाशिकरोड:

टायट्रेशनने, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया करून, सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल) काढायची आहे. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.०५ मोलर द्रावण २५० मिली केलं, त्यासाठी १.५७६ ग्रॅम स्फटिक वजन करून घेतले. सोडियम हायड्रॉक्साइड ५०० मिलीला २ ग्रॅम घेतलं, म्हणजे ०.१ मोलरच्या जवळपास यायला हवं. शंकुपात्रात पिपेटने १० मिली आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक), ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या तोटीच्या नळीत) सोडियम हायड्रॉक्साइड. वाचनं ११.२, १०.६, १०.६ मिली.

एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू (मोलॅरिटी गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं) मध्ये घातलं: ०.०५ × १० ÷ १०.६ = ०.०४७. अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. वजन चुकलं, वाचन चुकलं की गणित? आणि गुलाबी रंग मिनिटभरात उडून जातो, मग अजून थेंब टाकायचे का?

रसायन_शिकवणी_कॉलेजरोड:

वजन बरोबर आहे, वाचनंही बरोबर आहेत. चुकलं ते सूत्र.

ते सूत्र मुळात एकाच द्रावणात पाणी घालून ते पातळ करण्यासाठीचं आहे. तिथे पदार्थ एकच असतो, त्याचे मोल आधी जितके तितकेच नंतर. टायट्रेशनमध्ये दोन वेगळे पदार्थ एकमेकांशी अभिक्रिया करतात, त्यामुळे आधी समीकरण मांडायचं. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूत सोडता येण्याजोगे दोन हायड्रोजन आहेत. सोडियम हायड्रॉक्साइडचा एक कण एकच हायड्रोजन घेतो. म्हणून आम्लाच्या एका मोलला आम्लारीचे दोन मोल लागतात.

आता सूत्र बाजूला ठेव आणि मोल मोज. १० मिलीत ०.०५ × १० = ०.५ मिलिमोल आम्ल. त्याला १ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड लागलं. ते १०.६ मिलीत होतं. १ ÷ १०.६ = ०.०९४३ मोलर. हेच तुझं उत्तर.

ते ०.१ न येता कमी आलं, हे योग्यच आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे तराजूवरच्या २ ग्रॅममध्ये खरा पदार्थ कमी असतो. वजनावरून त्याची संहती (द्रावणाची तीव्रता) ठरवता येत नाही, म्हणून तर हे टायट्रेशन करावं लागतं. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक हवेत तसेच राहतात, त्यांच्या वजनावर भरवसा ठेवता येतो.

कॉलेजात नॉर्मॅलिटी शिकवली असेल तर गोष्ट तीच आहे, फक्त ते 'दोन' आधीच आत घातलेलं असतं. स्फटिकाचा रेणुभार १२६, सममूल्यभार (रेणुभार भागिले सोडता येणारे हायड्रोजन) ६३, म्हणून ०.०५ मोलर म्हणजे ०.१ नॉर्मल. मग ०.१ × १० ÷ १०.६ करून ०.०९४३ येतं. घोटाळा होतो तो एका बाजूला मोलॅरिटी आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मॅलिटी घातल्यावर. हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन केलं असतंस तर दोन्ही आकडे सारखेच आले असते आणि चूक दिसलीही नसती. ऑक्झॅलिक आम्ल ती चूक उघड करतं, म्हणून शिकायला ते जास्त चांगलं.

प्रयोगशाळा_सहायक:

वरच्या उत्तराला एक जोड. स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात, त्यामुळे १२६ हाच आकडा घ्यायचा. ते पाणी विसरून ९० धरला तर २५० मिलीला १.१२५ ग्रॅमच घेतलं जातं, द्रावण ०.०३६ मोलरच्या आसपास होतं, आणि याच सोडियम हायड्रॉक्साइडने वाचन साडेसात मिलीच्या जवळ थांबतं. तुझं १०.६ आलंय, म्हणजे तिथे चूक नाही.

रंग उडतो त्याबद्दल: थेंब टाकू नकोस. फिकट गुलाबी रंग हलवत ठेवूनही अर्धा मिनिट टिकला की टायट्रेशन संपलं. त्यानंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल तयार करतो आणि रंग जातो. त्यामागे लागलास तर वाचन वाढतच जाईल. गडद गुलाबी झालं तर ते पुढे गेलं, ते वाचन सोड.

११.२ हे पहिलं वाचन सरासरीत घ्यायचं नाही. ते अंदाजासाठी असतं. पुढच्या वेळी ९.५ मिलीपर्यंत सरळ सोड, मग थेंबाथेंबाने. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे इथे अर्ध्या टक्क्याची चूक. शेवटी ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब पात्राच्या कडेला लावून घे आणि धुण्याच्या बाटलीतल्या पाण्याने आत उतरव. ऊर्ध्वपातित पाणी आत गेल्याने उत्तर बदलत नाही, कारण आम्लाचे मोल पिपेटने आत आले तेवढेच राहतात.

याच कारणाने शंकुपात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचं. सर्वात जास्त मुलं इथेच चुकतात. ते ऑक्झॅलिक आम्लाने खंगाळलं तर भिंतीला राहिलेलं जादा आम्ल मोजणीत शिरतं आणि वाचन वाढतं. ब्युरेट आणि पिपेट मात्र ज्याच्या त्याच्या द्रावणाने खंगाळायची. ब्युरेट पाण्याने ओली राहिली तर सोडियम हायड्रॉक्साइड पातळ होऊन वाचन वाढतं. पिपेट ओली राहिली तर उलट, वाचन कमी येतं.

ब्युरेट भरल्यावर नरसाळं काढून ठेव, त्यातला थेंब मध्येच पडतो. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का बघ, तो टायट्रेशन चालू असताना निघाला तर तेवढं वाचन फुगतं. पिपेटच्या टोकात शेवटी राहणारा थेंब फुंकून काढायचा नाही, टोक पात्राच्या भिंतीला टेकवायचं आणि सोडून द्यायचं. पिपेट तोंडाने ओढायचीच नाही, रबरी फुगा वापर. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे.

काम झाल्यावर ब्युरेट लगेच धू. काचेच्या तोटीत सोडियम हायड्रॉक्साइड वाळलं की तोटी जाम होते. द्रावणही काचेच्या बुचाच्या बाटलीत नको, प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट झाकणाखाली ठेव.

अकरावी_सायन्स_नाशिकरोड:

आता समजलं, धन्यवाद सर. हेच द्रावण वापरून प्रकल्पासाठी द्राक्षांच्या रसातलं आम्ल मोजायचं आहे. घरी थॉमसन आणि काळी शरद अशी दोन्ही आहेत. गणितात इथेही दोन येईल का?

द्राक्ष_निफाड:

हो, येईल. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, रेणुभार १५०, आणि तेही दोन हायड्रोजन सोडतं. रसात मॅलिक आम्लही असतं, पण उत्तर सगळं 'टार्टारिक आम्ल धरून' लिहायची पद्धत आहे, वहीत तसं स्पष्ट लिहा.

मणी एकाच घडाचे घेऊ नका, वेगवेगळ्या घडांतून वरचे, मधले, खालचे मिळून पाव किलो घ्या. एकाच घडातही आंबटपणा सारखा नसतो. हाताने चुरा, सुती कापडातून गाळा, गाळ खाली बसू द्या. वरचा १० मिली रस पिपेटने घ्या, त्यात उकळून गार केलेलं ५० मिली ऊर्ध्वपातित पाणी घाला. उकळायचं कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, तोही आम्ल म्हणून मोजला जातो. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातले बायकार्बोनेट रसातलं आम्ल आधीच खातात. एकदा नुसतं पाणी आणि दर्शक घेऊन किती थेंब लागतात ते बघा आणि तेवढं वजा करा.

उदाहरण म्हणून ८.५ मिली लागलं असं धरू. ८.५ × ०.०९४३ = ०.८०२ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्या निम्मं ०.४०१ मिलिमोल टार्टारिक. १५० ने गुणलं की ६० मिलिग्रॅम, तेही १० मिलीत. म्हणजे लिटरला ६ ग्रॅम. पिकलेल्या द्राक्षात ५ ते ८ च्या दरम्यान आकडा आला तर काम नीट झालं समजा. कच्च्या मण्यांत तो कितीतरी पट जास्त असतो, तिथे १० ऐवजी २ मिली रस घ्या, नाहीतर ब्युरेट पुन्हा भरावी लागेल.

रस फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मोजू नका. थंडीत पोटॅशियम हायड्रोजन टार्टरेटचे खडे तळाशी बसतात आणि तेवढं आम्ल रसातून निघून जातं. काढला त्याच दिवशी, खोलीच्या तापमानाला मोजा. ब्रिक्सचा (रसातल्या साखरेच्या मापाचा) यात गोंधळ करू नका. रिफ्रॅक्टोमीटर मुख्यतः साखर दाखवतो आणि साखर या टायट्रेशनमध्ये भाग घेत नाही. ब्रिक्स वेगळा मोजून शेजारी लिहिलात तर प्रकल्पाला वजन येईल, कारण चव दोन्हींच्या प्रमाणावर ठरते.

रसायन_शिकवणी_कॉलेजरोड:

काळ्या शरदसाठी सावध. सालीतलं अँथोसायनिन स्वतःच दर्शक आहे: आम्लात लाल, पुढे जांभळट, आम्लारीत निळसर-हिरवं. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग ओळखू येत नाही. साल न चुरगळता हलक्या हाताने रस काढ, ५ मिली रसाला १०० मिली पाणी घाल आणि पांढऱ्या कागदावर पात्र ठेव. तरी कळलं नाही तर पीएच मीटर लावून ८.२ ला थांब. ५ मिली घेतल्यामुळे लिटरचा हिशोब करताना २०० ने गुणायचं, १०० ने नाही.

मिथिल ऑरेंज मात्र वापरू नकोस. त्याचा रंग ३.१ ते ४.४ पीएचला बदलतो आणि द्राक्षाच्या रसाचा पीएच तिथेच कुठेतरी असतो. बरंचसं आम्ल शिल्लक असतानाच रंग बदलून जाईल.

आणि सोडियम हायड्रॉक्साइडची ०.०९४३ ही संहती त्या दिवसापुरतीच धर. बाटली उघडली की कार्बन डायऑक्साइड आत जातो, दोन हायड्रॉक्साइड खर्च होऊन एक कार्बोनेट बनतो, आणि तो फिनॉल्फ्थॅलिनच्या रंगापर्यंत एकच हायड्रोजन घेतो. रस मोजायच्या दिवशी ऑक्झॅलिक आम्लाची दोन जुळणारी वाचनं पुन्हा घे आणि तोच नवा आकडा गणितात घाल.