मदत हवी आहे: रॉजर वॉर्डची मिजेट गाडी एका ट्रॅकवर जिंकली, दुसऱ्यावर का हरली?

नमस्कार मंडळी. अमेरिकन रेसर रॉजर वॉर्डवर लेख लिहितोय आणि एका जागी अडकलोय.

दुसऱ्या महायुद्धात पी-३८ लढाऊ विमानं उडवलेला हा माणूस. १९५९ आणि १९६२ मध्ये इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकला. पण मला भुरळ पडलीय ती १९५९ मधल्याच दुसऱ्या गोष्टीची. कनेक्टिकटमधल्या लाइम रॉकच्या वळणदार ट्रॅकवर त्याने मातीच्या छोट्या ट्रॅकसाठी बनवलेली ऑफनहाउझर या अमेरिकन इंजिनाची मिजेट (छोटी रेसिंग गाडी) आणली आणि युरोपच्या महागड्या स्पोर्ट्स कार्सना हरवलं! केवढी हिंमत!

त्याच डिसेंबरात फ्लोरिडातल्या सेब्रिंगला अमेरिकन ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत तो तशीच मिजेट घेऊन उतरला. तिथे मात्र सुरुवातच सगळ्यांच्या मागून, आणि २० फेऱ्यांनंतर क्लच गेला.

लाइम रॉक जेमतेम दीड मैलाचा, सेब्रिंग पाच मैलांहून मोठा, एवढं कळतं. पण फरक नेमका कशामुळे पडला? कमी गिअर, ब्रेक, की लांब सरळ रस्त्यावर कमी पडणारा वेग? गाड्यांचं तंत्र जाणणाऱ्या कुणी सोप्या मराठीत समजावून सांगाल का? या पठ्ठ्याबद्दल अर्धवट लिहायचं नाहीये.